इंग्रजीतील एक चांडाळचौकडी

परवा दिवेलागणीच्या सुमारास आमची नात इंग्रजीचे पुस्तक घेऊन माजघरात मोठ्याने वाचीत बसली होती. इयत्ता पाचवी. घरातील वडील माणसे आपापल्या उद्योगात गढलेली. परंतु सारा जन्म वर्गात उभा राहिलेल्या माणसाचे कान सेवानिवृत्त होत नाहीत. 'रफ' झाले, 'टफ' झाले, 'इनफ' झाले. आणि पुढच्या ओळीत 'दो' हा शब्द येताच तिने ठणकावून 'दफ' असे वाचले. तिच्या काकूने स्वयंपाकघरातूनच चूक दुरुस्त केली, "दफ नव्हे गं, दो." नातीने पुस्तक मिटले व विचारले, "का? शेवटी तीच चार अक्षरे आहेत ना?" काकू म्हणाली, "इंग्रजीत असेच असते. पाठ कर."

सूनबाईंना आम्ही दोष देत नाही. कारण हेच उत्तर, जवळजवळ याच शब्दांत, आम्ही पस्तीस वर्षांपूर्वी एका भरलेल्या वर्गात दिले होते आणि ते दिल्याची रुखरुख आजतागायत आमच्या मनातून गेलेली नाही. त्या रुखरुखीची हकीकत प्रथम सांगतो. कारण पुढचे सर्व विवेचन तिच्यातूनच निघाले आहे.

तालुक्याच्या गावी आम्ही त्या वेळी इंग्रजी व संस्कृत हे दोन्ही विषय शिकवीत असू. सातवीच्या वर्गात जवळच्या वाडीवरून चालत येणारा एक शेतकऱ्याचा मुलगा होता. आदल्या दिवशी आम्ही 'रफ' आणि 'टफ' हे शब्द फळ्यावर लिहून दिले होते. दुसऱ्या दिवशी धड्यात नांगराचा इंग्रजी शब्द आला. मुलाने शेवटची चार अक्षरे ओळखली आणि मोठ्या विश्वासाने 'प्लफ' असे वाचले. वर्ग हसला, आणि आम्हीही हसलो. तो म्हणाला, "गुरुजी, काल तर तुम्ही याच अक्षरांना 'अफ' म्हणायला सांगितले." आम्ही उत्तर दिले, "इंग्रजीत 'का' म्हणून विचारायचे नसते. पाठ करायचे असते." त्या दिवसापासून वर्गातील मुले त्याला 'प्लफ' या नावाने हाक मारू लागली. त्याने पुन्हा इंग्रजीच्या तासाला तोंड उघडले नाही. वाचावयास सांगितले की मान खाली घालून उभा राही. पुढल्या जून महिन्यात तो शाळेत आला नाही. शाळा सुटण्यास घरची अडचण कारण झाली असेल, शेताचे काम असेल; सर्व दोष आपल्या माथी ओढून घेणे हाही एक प्रकारचा अहंकारच होय. तथापि त्या मुलाने काय चूक केली होती? शिकविलेला नियम त्याने नव्या शब्दास लावला होता. विद्यार्थ्याने यापेक्षा अधिक काय करावे? चूक होती ती आमची. आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते, आणि अज्ञान झाकण्यासाठी आम्ही वर्गाचे हसू पांघरले.

ज्या चार अक्षरांनी हा अनर्थ घडविला ती म्हणजे ओ, यू, जी आणि एच. ही चौघे एकामागून एक शब्दात आली म्हणजे त्यांचा उच्चार काय होईल हे त्यांच्याकडे पाहून सांगता येत नाही. 'थ्रू' या शब्दात त्यांचा उच्चार 'ऊ' होतो. 'दो' या शब्दात, तसेच कणकेच्या गोळ्यास इंग्रज 'डो' म्हणतात त्या शब्दात, 'ओ' होतो. 'थॉट' म्हणजे विचार, येथे 'ऑ'. 'रफ', 'टफ', 'इनफ' यांत 'अफ', परंतु खोकल्याच्या 'कॉफ' या शब्दात व गुरांच्या डोणीस म्हणतात त्या 'ट्रॉफ' या शब्दात 'ऑफ'. झाडाची फांदी 'बाउ', नांगर 'प्लाउ' आणि अवर्षण 'ड्राउट', या तिहींत 'आउ'. 'थरो' व 'बरो' या शब्दांत आपण शेवटी 'ओ' म्हणतो. इंग्लंडातील लोक तेथे केवळ ओझरता 'अ' उच्चारतात. उचकीच्या 'हिकप' या शब्दाचे एक लेखन याच चार अक्षरांनी संपते. तेथे उच्चार 'अप'! आणि आयर्लंडातील सरोवरांच्या नावांत येणारा 'लॉख' हा शब्दही याच चौघांनी लिहिला जातो. तेथे शेवटी घशातील 'ख' ऐकू येतो. म्हणजे वेष एक आणि सोंगे नऊ. एवढ्याने पुरे झाले नाही म्हणून की काय, एकच शब्द एकाच लेखनाने दोन तऱ्हांनी वाचतात. लंडनजवळच्या एका गावाचे नाव 'स्लाउ'. परंतु त्याच अक्षरांनी लिहिलेला सापाच्या कातेचा शब्द मात्र 'स्लफ'.

असा हा प्रकार पाहून कोणीही या चौघांस चांडाळचौकडी म्हणेल. आम्हीही वर्षानुवर्षे तसेच म्हणत आलो. परंतु नोकरीच्या शेवटच्या वर्षांत इंग्रजी भाषेच्या इतिहासावरील ग्रंथ हाती आले, आणि ज्यांस आम्ही चांडाळ समजत होतो ती पडक्या वाड्यातील जुनी वतनदार माणसे निघाली. वतन गेले, अधिकार गेला. दारावरची पाटी तेवढी राहिली.

या पाटीचा अर्थ लावण्यास प्रथम जर्मन भाषेकडे जावे लागते. जर्मन ही इंग्रजीची सख्खी चुलत बहीण. इंग्रजी 'थ्रू' तेथे 'दुर्ख', 'दो' तेथे 'डोख', 'इनफ' तेथे 'गेनूग', 'प्लाउ' तेथे 'प्फ्लूग'. 'थॉट' व 'ब्रॉट' या भूतकाळांच्या जागी जर्मन मनुष्य 'डाख्ट', 'ब्राख्ट' असे काहीसे म्हणतो. म्हणजे इंग्रजांच्या शब्दात जेथे जी आणि एच ही अक्षरे मुकी उभी आहेत, तेथे जर्मनाच्या कंठातून 'ख' किंवा 'ग' स्पष्ट निघतो. एके काळी इंग्रजाच्याही कंठातून तो निघत असे. जुन्या इंग्रजीत 'थुर्ख', 'रूख', 'टोख', 'प्लोख' अशा धर्तीचे उच्चार होते. स्कॉटलंडातील खेडुतांच्या बोलीत रात्रीस 'निख्ट' व मुलीस 'डॉख्टर' म्हणण्याचा प्रघात अजूनही आढळतो. संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस येथे आणखी एक ओळखीचा चेहरा दिसेल. इंग्रजी 'नाइट' म्हणजे आपले 'नक्त', आणि 'डॉटर' म्हणजे आपली 'दुहिता'. 'नक्त' मधील ककार आणि 'दुहिता' मधील हकार ज्या स्थानी आहेत, त्याच स्थानी इंग्रजी लेखनात ती मुकी जोडी उभी आहे.

आता हा 'ख' म्हणजे आपला 'खडू' मधला ख नव्हे. जीभ टाळूस न टेकविता घशातून नुसता वारा घासून सोडला असता जो ध्वनी होतो तो. ज्यांनी उर्दू 'ख़बर' हा शब्द नीट ऐकला आहे त्यांस तो ठाऊक आहे. आणि आश्चर्य असे की आपल्या व्याकरणकारांनी त्यास फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे. विसर्गापुढे क अथवा ख आला म्हणजे विसर्गाचा जो घशातला उच्चार होतो त्यास जिह्वामूलीय म्हणतात. आणि पुढे प अथवा फ आला म्हणजे दिवा फुंकताना ओठांतून वारा जातो तसा जो उच्चार होतो त्यास उपध्मानीय म्हणतात. पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात एकाच सूत्रात या दोघांची सोय लावली आहे. विद्यार्थिदशेत ही दोन नावे आम्ही केवळ परीक्षेपुरती घोकली. इंग्रजी 'रफ' या शब्दाचे कोडे सोडविण्यास ती उपयोगी पडतील असे त्या वेळी कोणी सांगितले असते तर आम्ही त्याची थट्टाच केली असती.

परंतु घडले ते असे. 'रूख', 'टोख' यांसारख्या शब्दांत त्या घशातल्या वाऱ्यापूर्वी उ किंवा ओ हा स्वर असे. हे स्वर उच्चारताना ओठांचा चंबू होतो. ओठ गोल आणि वारा घशातून, असे दोन्ही एकदम करू लागले की घासण्याची जागा हळूहळू घशातून ओठांवर येते. वाचकांनी एकांतात स्वतः करून पाहावे. माणसांत केल्यास घरचे लोक काळजीत पडतील. असा जिह्वामूलीयाचा उपध्मानीयासारखा ध्वनी झाला आणि पुढे त्याचाच आजचा 'फ'. 'रफ', 'टफ', 'कॉफ' यांतील फकाराची जन्मकथा ती ही. इतर पुष्कळ शब्दांत ओठांनी ती जबाबदारी घेतली नाही. तेथे घशातला वारा सोळाव्या-सतराव्या शतकांच्या सुमारास दक्षिण इंग्लंडात मावळून गेला. 'दो', 'थ्रू', 'थॉट' ही त्याची उदाहरणे.

मग 'प्लाउ' आणि 'बाउ' यांचे काय? येथे आणखी गंमत आहे. जुन्या इंग्रजीत संस्कृताप्रमाणेच विभक्तिप्रत्यय होते. प्रत्यय नसलेल्या रूपात शब्दाच्या शेवटी 'ख' येई. परंतु स्वरादी प्रत्यय लागला म्हणजे तोच ध्वनी दोन स्वरांच्या कात्रीत सापडून मऊ होई आणि 'व' सारखा बोलला जाई. पुढे प्रत्यय झडून गेले. काही शब्दांनी बिनप्रत्ययाचे रूप उचलले, काहींनी सप्रत्यय रूप. 'बाउ' हे दुसऱ्या वाटेचे. 'इनफ' या शब्दाची तर दोन्ही रूपे कित्येक शतके नांदत होती. अनेकवचनी नामापुढे 'इनाउ' म्हणत. आज ते रूप केवळ जुन्या काव्यात उरले आहे.

उच्चार असे चार दिशांस पांगले, मग लेखन एकच कसे राहिले? इसवी सन १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतरच्या काळात फ्रेंच वळणात तयार झालेल्या लेखनिकांच्या हाती इंग्रजी पडली. घशातल्या त्या ध्वनीसाठी इंग्रजीत निराळी चिन्हे होती. त्यांच्या जागी जी आणि एच ही जोडी हळूहळू रूढ झाली. १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला. छापखान्याचा गुण असा की तो जे एकदा शिशात ओततो ते सहसा बदलत नाही. आणि नेमक्या याच काळात, म्हणजे सुमारे १४०० ते १७०० या तीन शतकांत, इंग्रजांच्या तोंडातील सारे दीर्घ स्वर आपापल्या जागा सोडून सरकत होते. 'हूस' चे 'हाउस' झाले ते याच हालचालीत. नदी वाहत गेली आणि घाट तेथेच राहिला. आज आपण त्या कोरड्या घाटाच्या पायऱ्या मोजतो आणि येथे पाणी का नाही म्हणून रागावतो.

आता या घराण्यात सगळेच कुलीन आहेत असे मात्र नव्हे. उचकीचा 'हिकप' हा शब्द मुळात अगदी साधा, ऐकू येईल तसा लिहिलेला होता. सतराव्या शतकात कोणा विद्वानांस वाटले की उचकी ही खोकल्याचीच धाकटी बहीण असावी. म्हणून त्यांनी त्याच्या शेपटीस 'कॉफ' चे लेखन चिकटविले. उच्चार बदलला नाही, वेष तेवढा बदलला. अतिशहाणपणाने शुद्ध करावयास जावे आणि अशुद्ध करून ठेवावे, हा रोग केवळ आपल्याच देशात आहे असे समजू नये.

उलट 'थ्रू' आणि 'थरो' हे दोन निराळे दिसणारे शब्द मुळात एकच आहेत. 'आरपार' या अर्थाचा जुना शब्द आघात न देता बोलला तेव्हा 'थ्रू' झाला, आघात देऊन दोन अवयवांत बोलला तेव्हा 'थरो' झाला. जे काम आरपार केले ते 'थरो', म्हणजे सांगोपांग. 'बरो' हा शब्द तर आपल्याकडेही येऊन राहून गेला आहे. तटबंदी केलेले ठिकाण असा त्याचा मूळ अर्थ. एडिंबरोचा 'बरो' आणि हॅम्बुर्गचा 'बुर्ग' हे त्याचेच भाऊबंद. १९२५ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील मोठ्या शहरांच्या नगरपालिकांस 'बरो म्युनिसिपालिटी' असे नाव मिळाले. आमच्या आजोबांच्या जुन्या पावत्यांवर ते छापलेले असे. घरपट्टी भरणाऱ्या किती माणसांस ठाऊक असेल की, त्या शब्दाच्या पोटात इंग्रजांचा एक घशातला 'ख' पुरलेला आहे?

या चौकडीस हाकलून लावण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. अमेरिकेत नांगराचा शब्द ही चार अक्षरे टाकून उच्चाराला धरून लिहितात. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०६ मध्ये तीनशे शब्दांचे सुटसुटीत लेखन सरकारी छापखान्याने वापरावे अशी आज्ञा काढली. तीत 'दो', 'थ्रू' व 'थरो' यांचीही मुंडणे केलेली होती. वर्तमानपत्रांनी टवाळी केली, काँग्रेसने विरोध केला, आणि वर्ष संपण्यापूर्वीच आज्ञा मागे पडली. नाटककार बर्नार्ड शॉ १९५० मध्ये निवर्तले तेव्हा त्यांनी मृत्युपत्रात इंग्रजीसाठी नव्या लिपीची तरतूद केली होती. त्या लिपीत त्यांचे एक नाटक १९६२ मध्ये छापलेही. पुढे ती लिपी कपाटातच राहिली.

१९६२ हे साल वाचताच मराठी वाचकांच्या मनात दुसरी एक आठवण जागी व्हावी. त्याच वर्षी मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी आपल्या लेखनातील न उच्चारले जाणारे अनुस्वार रजेवर गेले. आमच्या वडिलांच्या पत्रांत 'दांत', 'कांटा', 'नांव', 'कांहीं' असे लिहिलेले असे. 'दांत' वरील टिंब कोणी उच्चारीत नव्हते; परंतु ते 'दन्त' मधील नकाराची समाधी होती, आणि 'कांटा' वरील टिंब 'कण्टक' मधील णकाराची. इंग्रजांनी आपल्या समाध्या राखल्या, आपण आपल्या भुईसपाट केल्या. त्यांच्या मुलांस पाठांतराचे कष्ट पडतात, आपल्या मुलांस शब्दाचे कूळ दिसत नाही. यातील शहाणे कोण हे ठरविण्याचा आमचा अधिकार नाही. हा लेख आम्हीही नव्या नियमांनीच लिहिला आहे, आणि लिहिताना हात दोन-तीनदा टिंबाकडे गेला हे कबूल करतो.

आपल्या घरांतून एक वाक्य नेहमी ऐकू येते, "मराठी कशी, बोलावी तशी लिहावी!" हा अभिमानही जरा तपासून घ्यावा. या वाक्यातील 'जरा' म्हणजे थोडे. आमच्या वयास आलेली 'जरा' म्हणजे वार्धक्य. लेखन एक, जकार दोन. 'ज्ञ' लिहून आपण 'द्न्य' म्हणतो, 'ऋ' लिहून 'रु' म्हणतो, आणि 'ष' लिहून बहुतेक सारे 'श' म्हणतो. 'अंतःकरण' लिहून 'अंतक्करण' आणि 'अधःपात' लिहून 'अधप्पात' म्हणतो. म्हणजे ज्या जिह्वामूलीयाचे व उपध्मानीयाचे आम्ही वर एवढे कौतुक केले, ते आपल्याही तोंडातून नाहीसे झाले आहेत, आणि कागदावर दोन टिंबे मात्र उभी आहेत. इंग्रजीला हसणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

असो. घरोघरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आयांना, काकूंना व आजोबांना उपयोगी पडेल असे थोडेसे सांगून आवरते घेतो. ही यादी सरसकट पाठ करून घेऊ नये; कुळे पाडावी. पहिले कूळ भूतकाळाचे: 'थिंक' चा 'थॉट', 'ब्रिंग' चा 'ब्रॉट', 'बाय' चा 'बॉट', 'सीक' चा 'सॉट', 'फाइट' चा 'फॉट'. यांत 'वर्क' चा जुना भूतकाळ 'रॉट' घालावा. घडीव लोखंडाच्या इंग्रजी नावात तो अजून टिकून आहे. पुढे टी हे अक्षर आले आणि शब्द क्रियापदाचा भूतकाळ असला की बेलाशक 'ऑट' म्हणावे. दुसरे कूळ ओठांवर आलेल्यांचे: 'रफ', 'टफ', 'इनफ', 'कॉफ', 'ट्रॉफ'. तिसरे मऊ झालेल्यांचे: 'बाउ', 'प्लाउ', त्यांच्या पंगतीस 'ड्राउट' बसवावा. मग उरतात 'थ्रू', 'दो', 'डो', 'थरो', 'बरो' एवढेच सुटे पाहुणे. आणि 'हिकप' हा तोतया. एका पानावर चार घरे आखून मुलांकडूनच शब्द ज्याच्या त्याच्या घरात भरून घ्यावे. एक आठवडा पुरतो. आमच्या नातीस तीन संध्याकाळी लागल्या; आणि 'तोतया' हा शब्द आवडल्यामुळे ती आता सर्व पुस्तकांतून तोतये शोधीत असते.

परंतु कुळे पाडण्याहूनही महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. मूल 'का' विचारील तेव्हा "असेच असते" हे उत्तर देऊ नये. ठाऊक नसेल तर "मला ठाऊक नाही, आपण शोधू" असे म्हणावे. हे वाक्य उच्चारण्यास आम्हांस निवृत्तीचे वय यावे लागले. ते वाक्य त्या दिवशी वर्गात सुचले असते तर एका मुलाचे टोपणनाव तरी टळले असते.

त्यास द्यावयाचे उत्तर फारसे कठीणही नव्हते. त्याच्या वडिलांच्या खांद्यावर असलेल्या अवजाराचे नाव संस्कृतात 'लाङ्गल' होते. बोलता बोलता लोकांच्या तोंडी त्याचा 'नांगर' झाला, आणि आपण लिहिणेही बदलले. इंग्रजांच्या तोंडी 'प्लोख' चा 'प्लाउ' झाला; त्यांनी लिहिणे बदलले नाही. एवढेच. दोन्ही देशांत शेत नांगरणारा मनुष्य बोलत राहिला आणि भाषा त्याच्या मागून चालत राहिली. तो मुलगा आज पन्नाशीच्या जवळ आला असेल. त्याच्या घरीही एखादे लेकरू दिव्यापाशी इंग्रजी वाचीत बसत असेल आणि त्या शब्दाशी अडखळत असेल. हा अंक तेथवर पोचला तर त्याने ते उत्तर आपल्या लेकरास सांगावे, आणि उत्तर द्यावयास उशीर केल्याबद्दल आपल्या गुरुजींस क्षमा करावी.